आईच्या घरी चित्र अडकतं

आई : सोफा सरकवू नकोस गं, मागे धूळ आहे.

थोरली : धूळ बघायला नाही आले मी. ऑफिसचा बॉक्स बघायला आलेय. आणि त्याच्यावर रुमाल कुणी टाकला?

आई : मी. सारखा हिरवा दिवा लुकलुकतो त्याचा. कुणीतरी डोळा मारतंय असं वाटतं.

थोरली : टीव्हीच्या वायरीत बसवलेलं यंत्र आहे ते, पोपटाचा पिंजरा नव्हे. झाकलं की तापतं.

आई : तुझं ते खोकं तापो नाहीतर थंड पडो. रुमाल नीट घडी करून दे.

थोरली : वायर घट्ट आहे. इंटरनेट जोरात चालतंय. वरून तर सगळं ठीक दिसतंय. आई, आता आठवून सांग. संध्याकाळी बघताना चित्र अडकतं का?

आई : नाही बाई.

थोरली : बोलता बोलता माणूस मध्येच थांबतो, तोंड उघडं राहतं, डोळे अर्धे मिटलेले, असं?

आई : ते होय. ते होतं कधीकधी.

थोरली : आत्ता तर नाही म्हणालीस.

आई : तू तोंड करून दाखवलंस तेव्हा आठवलं. चहा टाकू?

थोरली : विषय बदलायचा असला की तू चहा टाकतेस. मी काही नवखी नाही या घरात.

आई : बरं, नाही टाकत. उन्हातून आलीस म्हणून विचारलं. आणि मला सांग, माझ्या टीव्हीत अडकलं काय नि न अडकलं काय, तुझं काय एवढं बिघडलंय? चेहरा बघ कसा करून बसलीयस.

थोरली : सगळं बिघडलंय. बस इथे, सांगते. आम्ही लोकांना इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवतो, बरोबर? ते नीट दिसतायत ना यावर नजर ठेवायची, तर ती ठेवायची कुठून, हे उद्या ठरणार आहे. तीन जागा आहेत. एक म्हणजे आमच्याच मशीनच्या खोलीत, चित्र बाहेर पडतानाच तपासायचं.

आई : म्हणजे शर्ट दुकानातून निघताना बघायचा.

थोरली : हो. तिथे सगळंच झकास दिसतं. दुसरं म्हणजे लोकांच्या घरी हे बॉक्स लावायचे. टीव्हीवर शेवटी जे उमटतं, तेच बॉक्सला दिसतं.

आई : अंगात घातल्यावर बघायचा. हेच बरोबर. जन्मभर शिवण केलं मी, दुकानातल्या आरशात कुणाचा शर्ट वाईट दिसलाय?

थोरली : हेच मी ओरडून सांगतेय. आणि तिसरं, लोकांच्या ॲपच्या पोटातच एक छोटा हेर बसवायचा. चित्र कधी अडकलं, कुणी कुठलं बटण दाबलं, कुठे पुढे पळवलं, सगळं तो ऑफिसला कळवतो. हे आमच्या टायवाल्याचं खूळ.

आई : टायवाला म्हणजे तोच ना, जो तुझ्यानंतर लागला आणि तुझ्याआधी केबिनीत बसला?

थोरली : तोच. भर उन्हाळ्यातही टाय. उद्या ऑफिसच्या मोठ्या बाईंनी बॉक्स निवडले तर नवा विभाग माझा. ॲप निवडलं तर विभाग त्याचा आणि मी त्याच्या हाताखाली. उठता बसता त्याला सर म्हणायचं.

आई : निवडतील की तुझं खोकं. त्यात काय.

थोरली : निवडलंच असतं. ऑफिसातल्या लोकांच्या घरी लावून पाहिले आम्ही. सगळीकडे चोख चाललंय. फक्त एका घरात रोज संध्याकाळी चित्र अडकतं. तेही एकाच कार्यक्रमात.

आई : कुणाच्या घरात?

थोरली : आई.

आई : आपल्या होय.

थोरली : आणि कुठल्या कार्यक्रमात, ते तुला सांगायला नको.

आई : सोन्याच्या?

थोरली : तुझ्या सोन्याच्या. संध्याकाळच्या गप्पा. ज्याच्यावर सगळा गाव फिदा आहे तो.

आई : तुझाही भाऊ आहे तो.

थोरली : भाऊ माझा, सोन्या तुझा. पस्तिशीला आला तरी सोन्या. आणि मला काय म्हणतेस? अगं.

आई : अगं, ते तोंडात बसलंय.

थोरली : बघ. आणि भिंतीवरही बघ. बक्षीस घेताना तो, माइक धरून तो, कुठल्यातरी मोठ्या माणसाशेजारी दात काढून तो. माझा एक फोटो, त्यातही तो माझ्या कडेवर.

आई : त्यात छान दिसतेस तू.

थोरली : त्यात माझा अर्धा चेहरा आहे. उरलेला त्याच्या डोक्यामागे गेलाय. आई, मी रोज ऑफिसात त्याचा कार्यक्रम बघते, माहीत आहे तुला? रोज. पण त्याच्याकडे नाही बघत. चित्रात चौकोन पडतायत का, आवाज ओठांच्या मागे राहतोय का, तेवढंच बघते. तो जगाला गुळगुळीत दिसावा म्हणून मी डोळे फोडून घेते. आणि जो तो मला विचारतो, त्याची बहीण ना तुम्ही, घरीही असाच हसवतो का?

आई : मग हो म्हणायचं.

थोरली : घरी असतो कुठे तो?

(फोन वाजतो. आई तो स्पीकरवर टाकते.)

धाकटा : मातोश्री, दंडवत. तुमचे चिरंजीव इकडे तोंडाला रंग फासून घेतायत. म्हटलं तेवढ्यात आवाज ऐकावा.

आई : बोल रे सोन्या. जेवलास का दुपारी?

धाकटा : जेवलो की. भरपेट.

आई : काय जेवलास?

धाकटा : ते आपलं, सॅलड.

आई : पाला खाऊन भरपेट म्हणे. येतोस कधी?

धाकटा : पुढच्या महिन्यात नक्की.

थोरली : हे मागच्या महिन्यातही नक्कीच होतं.

धाकटा : अरे वा, ताई तिथेच? असणारच. ताई कायम तिथेच असते. बरं झालं सापडलीस. तुझा तो बॉक्स माझ्या मुळावर उठलाय गं.

थोरली : काय झालं?

धाकटा : वरून निरोप आलाय. म्हणे माझा कार्यक्रम घराघरांत अडकतो, लोक वैतागतात. संध्याकाळची वेळ काढून घेऊन दुपारी टाकायचं चाललंय. दुपारी मला कोण बघणार, भिंतीवरची पाल?

थोरली : आकडे येतात ते येतात. मी त्यात काय करू?

धाकटा : काही करू नकोस. तू स्वतः तपासलंयस ना, एवढंच सांग. तू तपासलं असशील तर मी गप्प बसतो. तू चुकत नाहीस, हे मला आई दर फोनला ऐकवते. ताईनं नळ बदलून घेतला, ताईनं डोळे तपासून आणले, ताईनं छताची गळती काढली. मी इकडे एवढा नाचतो आणि फोनवर कौतुक तुझं.

थोरली : ते कौतुक नव्हे रे. हमाली आहे ती.

धाकटा : असेल. पण माझ्या नावावर तेवढीही नाही. चल, बोलावतायत मला. तपासलंयस ना ताई?

थोरली : बघते.

धाकटा : बघते म्हणजे अजून... असो. आई, ठेवतो. बघणार ना आज?

आई : म्हणजे काय. बसलेच आहे समोर. आणि पाणी पीत जा रे मध्ये मध्ये, घसा कोरडा वाटतोय तुझा.

थोरली : त्याचा फोन आला की तुझा आवाजच बदलतो. माझ्याशी बोलतेस दुकानदाराशी बोलावं तशी.

आई : त्याची वेळ काढून घेणार आहेत? तुला माहीत होतं हे?

थोरली : कानावर होतं.

आई : आणि तू बोलली नाहीस.

थोरली : काय बोलायचं? चित्र अडकतंय तर अडकतंय.

आई : अडकत नाही.

थोरली : काय?

आई : चित्र अडकत नाही. मी थांबवते. रिमोटवर ते दोन उभ्या रेघांचं बटण आहे ना, ते दाबते.

थोरली : तू पॉज करतेस.

आई : हां, तेच ते.

थोरली : कशासाठी? दारावर कुणी येतं? गॅसवर काही असतं?

आई : बघण्यासाठी. तो समोर तोंड करून बसला की थांबवते. नाहीतर कॅमेरा लगेच पळतो दुसऱ्याकडे.

थोरली : रोज?

आई : रोज. जमेल तितक्या वेळा.

थोरली : म्हणजे माझा बॉक्स इथे बसून काय बघतोय, तर चित्र थिजलंय. त्या बिचाऱ्याला काय कळणार की समोर आई बसलीय आणि लेकाचं तोंड निरखतेय. त्याच्या लेखी थिजलेलं आणि थांबवलेलं सारखंच. अख्ख्या ऑफिससमोर मी छातीठोकपणे सांगितलं होतं की बॉक्स चुकत नाही. टायवाल्याच्या हेराला पहिल्याच दिवशी कळलं असतं. बघणारीनं स्वतःच बटण दाबलं, विषय संपला.

आई : मला काय ठाऊक, खोकं मोजत बसलंय ते.

थोरली : मग मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?

आई : तू अशी चिडशील म्हणून.

थोरली : मी चिडले नाहीये.

आई : बरं.

थोरली : चिडलेय. हो, चिडलेय. मी दर रविवारी येते. तुझ्यासमोर बसते, चांगली जिवंत, कुठलंही बटण न दाबता थांबलेली. तू माझ्याशी बोलतेस आणि हात चालू. कपड्यांच्या घड्या घाल, लसूण सोल, कपाट आवर. कधी मान वर करून बघितलंस? आणि त्याचं नुसतं चित्र, ते तू थांबवून थांबवून बघतेस. मला जळायला होतं, आई. लहानपणीही व्हायचं आणि केस पांढरे व्हायला लागले तरी होतं. सांगायची लाज वाटते, पण होतं.

आई : झालं बोलून?

थोरली : झालं.

आई : आता मी एक विचारू? दुसऱ्या कुणाच्या घरी असं अडकलेलं दिसलं असतं, तर तू कधी गेली असतीस बघायला?

थोरली : दुसऱ्याच दिवशी.

आई : आणि इथे?

थोरली : कामं होती.

आई : दर रविवारी येतेस, आत्ताच म्हणालीस. खोकं बसवल्यापासून कितीदा येऊन गेलीस. एकदाही सोफा सरकवला नाहीस.

थोरली : आई, नको.

आई : का नाही सरकवलास?

थोरली : बरं वाटलं मला.

आई : कशाचं बरं वाटलं?

थोरली : की तो कुठेतरी अडकतोय. आकडे आले त्या दिवशी मी ते परत परत वाचले. गोड लागले मला. तपासले नाहीत. वर आणखी लिहून दिलं की घरची लाइन उत्तम आहे, खोट आमच्याकडून जाणाऱ्या त्या कार्यक्रमातच आहे. एका घराचं घराघरांत झालं ते त्यामुळेच. असं मी कधी करत नाही, आई. न बघता सही. एकदाच केली, ती त्याच्या बाबतीत.

आई : हं.

थोरली : बोल ना काहीतरी. चार शिव्या दे.

आई : शिव्या काय देऊ. दोघांना मीच वाढवलंय. पण मी त्याला लाड म्हणून थांबवते असं वाटतंय ना तुला, ते तसं नाहीये. तो बारीक झालाय.

थोरली : टीव्हीवर दिसणारी माणसं असतातच बारीक. डाएट असतं त्यांचं.

आई : मला नको शिकवूस. लोकांची अंगं मापण्यात गेलं माझं आयुष्य. त्याची कॉलर बघ कधी. वरचं बटण लावलेलं असतं तरी मानेपासून सुटलेली. आणि छातीवर आडव्या चुण्या येतात, त्या मागून टाचण्या लावून कापड ओढलं की येतात. शर्ट जुनेच आहेत, मागून आवळतात. समोरून लोकांना वाटतं काय झोकात बसलाय. आणि चुण्या वाढतायत. त्या बघायला थांबवते मी. आणि हा फोनवर सांगतो, भरपेट जेवलो.

थोरली : मला का नाही बोललीस?

आई : तू काय म्हणाली असतीस?

थोरली : म्हणाले असते, झालं, परत त्याचीच काळजी.

आई : म्हणूनच नाही बोलले.

थोरली : आणि माझी?

आई : तुझी काळजी नाही वाटत मला. हे काय कमी आहे?

थोरली : कमी आहे. मीही झाले होते बारीक. संसार मोडून, बॅग घेऊन इथे आले होते तेव्हा. पडद्यावर नव्हते, तुझ्यासमोर होते. तुला नाही दिसलं.

आई : दिसलं नाही? तू कुणाला विचारू देत होतीस? मी ठीक आहे, माझ्या मागे लागू नकोस, आणि दार बंद. मग मी काय करणार. तू ऑफिसला गेलीस की मशीन काढायची आणि तुझ्या कपड्यांना एक टीप आत घ्यायची. निळा शर्ट, करडी पँट, तो काळा कोट. आधी थोडं, मग पुन्हा थोडं. चारचौघांत तुझ्या अंगावर कपडे लोंबायला नकोत म्हणून.

थोरली : निळा शर्ट?

आई : दोन्ही बाजूंनी.

थोरली : मला वाटलं होतं माझं वजन परत आलं. कपडे नीट बसायला लागले म्हणून. सगळ्यांना सांगत सुटले होते मी, आता बरी आहे, आता बरी आहे.

आई : मग झालीस की बरी. नंतर उसवून सोडलेही मीच.

थोरली : आणि कधी चकार शब्द नाही.

आई : त्यात बोलायचं काय.

थोरली : तरी मी जळणारच. सांगून ठेवते.

आई : जळ. पण उद्याचं बोल आधी. काय सांगणार आहेस बाईंना?

थोरली : बॉक्स बरोबर आहे म्हटलं, तर विभाग माझा आणि हा जातो दुपारी. आई थांबवत होती म्हटलं, तर याचा कार्यक्रम वाचतो, पण बॉक्सला साधं थांबवलेलं कळत नाही हे सगळ्यांसमोर येतं, तेही माझ्या तोंडून. मग विभाग टायवाल्याचा.

आई : मधलं काही नाही?

थोरली : आहे. बॉक्स आणि ॲप, दोन्ही लावायचं आणि याचं त्याच्याशी ताडून बघायचं. पण त्यात टायवाला मुख्य आणि मी त्याची मदतनीस. त्यानंच हे आधी सुचवलं होतं. भर मीटिंगमध्ये मी त्याला हसले होते.

आई : मग मी असं करते. आजपासून थांबवतच नाही. तुझं खोकं सुतासारखं सरळ चालेल. तू सांग, काहीतरी बिघाड होता, गेला आता.

थोरली : म्हणजे बिघाड त्याच्याच कार्यक्रमात होता, असं होतं ते. आणि तू कॉलर कशी बघणार?

आई : पळता पळता जेवढी दिसेल तेवढी. त्याचं मी बघते, फोन करून पिच्छा पुरवते. तुला त्या टायवाल्याला सर म्हणायला लागू नये.

थोरली : एवढं करशील माझ्यासाठी?

आई : विचारतेस काय. लागलं बघ, सोन्याच्या कार्यक्रमाचं गाणं वाजायला लागलं.

थोरली : आवाज वाढव जरा.

आई : आज वरून जाकीट घातलंय. झाकायला. आला, आला समोर. हसला बघ.

थोरली : तू हात मांडीखाली घेतलेस.

आई : सवय लागलीय ना बोटांना. गेला. पाहुण्यावर गेला कॅमेरा.

थोरली : येईल परत.

आई : येतो, पण पापणी लवेपर्यंत. असू दे. दिसतंय मला.

थोरली : काही दिसत नाहीये तुला. डोळे किती बारीक केलेस. रिमोट कुठाय?

आई : कशाला?

थोरली : दे इकडे.

आई : अगं, उद्या तुझं...

थोरली : दे म्हणते ना. आता पाहुण्याचं बोलून झालं की येईल. हां, हा बघ. थांबवला. सांग, कुठे बघायचं?

आई : मानेपाशी. जाकिटाच्या वर. दिसते फट?

थोरली : दिसते. दोन बोटं सहज जातील.

आई : तीन. आणि खोकं मोजत असेल ना हे?

थोरली : मोजू दे. सरक थोडी, मला इथून नीट दिसत नाही.